विहीर गणपतीत बघून मोटर घेऊ नका: त्या व्हायरल मेसेजला उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला अकरा जणांनी पाठवलाय. त्यातले तिघे माझे गिऱ्हाईक, एक सख्खा मेव्हणा. मथळा असा: ‘घरच्या विहिरीवर मोटर आणि टाकी स्वतः बसवा, वायरमन-प्लंबरचे दहा हजार वाचवा.’ खाली आठ मुद्दे, प्रत्येकापुढे हिरवी बरोबरची खूण, आणि शेवटी ‘गावातल्या प्रत्येक ग्रुपवर टाका’.

मी लांजा-राजापूरच्या पट्ट्यात बावीस वर्षं मोटरी बसवतोय, उतरवतोय, जळलेल्या वाइंडिंगला (आतली तांब्याची तार नव्याने गुंडाळायला) नेऊन देतोय. तेव्हा पोटावर पाय येतो म्हणून हा बोंबलतोय असं कुणाला वाटलं तर वाटू दे. खरं तर हा मेसेज म्हणजे माझी दिवाळी आहे. नवी मोटर बसवायला जेवढे मिळतात, त्याच्या दुप्पट जळलेली वर काढून, वाइंडिंग करून परत सोडण्यात मिळतात. तरी लिहायला बसलो, कारण आठपैकी तीन मुद्दे माणूस मारणारे आहेत.

एक मात्र कबूल. आमच्यातले काही जण मजुरी अवाच्या सवा लावतात. पाइप कापणं, सोल्युशन लावून जोडणं, टाकीला नळ बसवणं हे हाताला वळण असलेल्या कुणालाही जमतं, त्यासाठी माणूस बोलावायची गरज नाही. पण मेसेजवाला पैसे वाचवायला सांगतो ते तिथे नाही. तो नेमक्या त्या वस्तू गाळतो ज्या रोज काम करताना दिसत नाहीत.

पहिला मुद्दा: ‘विहीर खोल असेल तर जास्त एचपीची मोटर घ्या. काठावर बसवली तरी ती पाणी ओढून घेईल.’

मोटर पाणी ओढत नाही. काठावरची मोटर पाइपातली हवा काढते, आणि बाहेरची हवा विहिरीतल्या पाण्याला दाबून पाइपात वर चढवते. ढकलणारी हवा. तिची ताकद ठरलेली आहे: समुद्रसपाटीला ती पाण्याचा १०.३३ मीटरचा खांब तोलते, त्यापुढे एक इंच नाही. हेही कागदावर. पाइपातलं घर्षण, बेंड, फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या खालच्या टोकाची, पाणी परत उतरू न देणारी झडप), पाण्याची वाफ हे सगळं वजा जाता हातात ६ ते ७ मीटर राहतात, म्हणजे वीस-बावीस फूट. अर्ध्या एचपीची मोटर असो नाहीतर पाच एचपीची, हा आकडा हलत नाही. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटर उंचीवर, तर हवाच विरळ. तिथे कागदावरचे दहा मीटरसुद्धा पावणेनवाच्या आसपास येतात.

मग खोक्यावर ‘हेड ३० मीटर’ लिहिलेलं असतं ते काय? बहुतेक ते मोटरपासून वर ढकलण्याचं. खालून वर घ्यायचं आणि मोटरपासून वर ढकलायचं, ही दोन वेगळी कामं आहेत. दुकानदार ती एकत्र सांगतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं.

आता आमच्याकडची गंमत सांगतो. कोकणातला चाकरमानी गणपतीला येतो. भाद्रपदात जांभ्यातली विहीर तुडुंब असते, कठड्यावरून वाकलात तर हात भिजेल. तेव्हा मोटर काठावर बसते, पाणी हाताशी, टाकी अर्ध्या तासात भरते. सगळे खूश, मोदक खाऊन मुंबईला. तीच माणसं मे महिन्यात पोरांना घेऊन येतात आणि मला फोन करतात: ‘मोटर चालू आहे, आवाज येतोय, पाणी नाही.’ मी विचारतो, पाणी किती खाली आहे? तिकडे शांतता. जाऊन दोर सोडावा तर एकतीस, बत्तीस, कधी पस्तीस फूट. तेवढ्यात कोरडी फिरून मोटरचं मेकॅनिकल सील भाजलेलं असतं आणि थेंब थेंब पाणी वाइंडिंगकडे निघालेलं असतं. मेसेजप्रमाणे त्यावर उपाय काय, तर आणखी मोठी मोटर! म्हणजे दुप्पट खर्च करून तेच सील जाळायचं.

एचपीचा हिशोब खरं तर सोपा आहे. १,००० लिटर पाणी २० मीटर वर चढवायला, घर्षण धरलं नाही तर, जेमतेम ०.०५५ युनिट वीज लागते. छोट्या पंपांची कार्यक्षमता कमी असते, तिसरा हिस्साच धरा, तरी पाव युनिटच्या आत काम होतं. घरच्या टाकीला अर्धा ते एक एचपी पुष्कळ झाला. मोठी मोटर मे महिन्यात वेगळाच घोळ करते: विहिरीला तासाला जेवढं पाझरतं त्याच्या कितीतरी पट ती उपसते, दहा मिनिटांत विहीर तळाला आणि मोटर गाळावर. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मग करायचं काय? मेच्या दुसऱ्या आठवड्यात दोराला दगड बांधून कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा, आणि पाण्यापासून तळापर्यंतचंही. हे दोन आकडे घेऊन दुकानात जा. पाणी वर्षभर वीस फुटांच्या वर राहत असेल तर काठावरचा मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र असलेला) चालेल. दुरुस्तीला हाताशी, स्वस्त. त्याखाली जात असेल तर ओपनवेल सबमर्सिबल, म्हणजे पाण्यातच राहणारी. ती पाणी वर घेत नाही, फक्त ढकलते, त्यामुळे वीस फुटांची भानगडच उरत नाही. विहिरीच्या आतल्या टप्प्यावर, चिऱ्याच्या कोनाड्यात मोनोब्लॉक बसवायची आयडिया काही जण लढवतात. मेमध्ये ती छान दिसते. जुलैत पाणी चढून मोटर रात्रीत बुडते.

आणि मोनोब्लॉक असेल तर फूटव्हॉल्व्ह, ज्याला गावात सगळे ‘फुटबॉल’ म्हणतात, तो तळापासून दीड-दोन फूट वर ठेवा. ‘रोज मोटरमध्ये पाणी भरायला लागतं’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा फुटबॉलमध्ये अडकलेला पोफळीचा एखादा तंतू असतो, नाहीतर सक्शन पाइपाचा (विहिरीतून मोटरपर्यंतच्या) एखादा जोड हवा घेत असतो. मोटर चालू असताना तो जोड शोधून सापडत नाही, कारण तिथून पाणी बाहेर गळत नाही, हवा आत जाते. मोटर बंद करा, पाइप काठोकाठ भरा आणि थांबा. जिथे ओल येईल तो जोड.

दुसरा: ‘पाइप बारीक लावा म्हणजे प्रेशर वाढतं.’

बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की फवारा लांब जातो, तिथून हा गैरसमज आला असावा. तो तोंडाचा खेळ आहे. अख्खा पाइप बारीक केलात तर घर्षण भयंकर वाढतं: तेवढंच पाणी एक इंचाऐवजी पाऊण इंचातून न्यायचं तर घर्षण जवळजवळ चौपट. विहीर घरापासून दोनशे फूट लांब असेल तर मोटरची निम्मी ताकद पाइपातच संपते. मोटरला जेवढं तोंड दिलंय त्याहून बारीक पाइप कधी नको. लांब अंतराला एक साइज वरचा घ्या. पुढे.

तिसरा: ‘एमसीबी बसवली की शॉकची भीती नाही. अर्थिंगसाठी एक सळई ठोका, किंवा न्यूट्रलच मोटरच्या बॉडीला जोडा.’

इथे थांबून वाचा.

एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, वायर वाचवते, माणूस नाही. १६ अँपिअरची एमसीबी १६ अँपिअरपर्यंत निवांत बसते. ओल्या हाताने २३० व्होल्टच्या बॉडीला हात लावलात तर शरीरातून ०.१ ते ०.२ अँपिअर जातील. हृदयाचे ठोके बिघडवायला तेवढे पुरतात. एमसीबीच्या दृष्टीने हा करंट म्हणजे एखादा छोटा दिवा लागल्यासारखा. ती हलणारसुद्धा नाही.

‘पण सळई आहे ना!’ सळईचा हिशोब करू. जांभा उन्हाळ्यात वाळून खणखणीत होतो. कातळावर ठोकलेल्या एका सळईचा रोध मेमध्ये २० ओहम निघाला तरी चांगलाच म्हणायचा. मोटरमध्ये फेज (वीज आणणारी वायर) बॉडीला टेकली तर सळईतून जाणार २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. १६ अँपिअरची एमसीबी यावर कधीच पडणार नाही, १० अँपिअरचीसुद्धा तासभर ढिम्म राहू शकते. म्हणजे मोटरची बॉडी तापलेल्या तव्यासारखी जिवंत, मीटर पळतोय, आणि कुणाला पत्ता नाही. कुणीतरी बादली भरायला जाईपर्यंत.

यावर एकच वस्तू काम करते: ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. जाणारा आणि येणारा करंट ती सतत तोलत असते. फरक ०.०३ अँपिअर झाला की क्षणात लाइन तोडते. सळईचा रोध शंभर ओहम असला तरी तिला पुरतो, कारण तेव्हाही २.३ अँपिअर गळती होते, तिला हव्या त्याच्या कितीतरी पट. म्हणून अर्थिंग नको असं नाही. अर्थिंग असेल तर बिघाड होताक्षणी ती पडते. नसेल तर कुणाचा तरी हात लागेपर्यंत वाट बघते. अर्थिंग, आरसीसीबी आणि एमसीबी, तिन्ही लागतात. आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, ते महिन्याला एकदा दाबा. पडली नाही तर बदला. आणि ती बसवा घरातल्या बोर्डावर, विहिरीजवळच्या खोपटात नव्हे, म्हणजे मधली केबलसुद्धा तिच्या पहाऱ्यात येते. घुशी-उंदरांनी कुरतडलेली केबल पावसात पहिली गळते.

आता ते न्यूट्रल बॉडीला जोडायचं. हा सल्ला देणाऱ्याने कधी खांबावरून तुटलेली न्यूट्रल बघितलेली नसावी. वादळात न्यूट्रल सुटली की घरातल्या दिव्या-पंख्यांतून गेलेला करंट परतीची वाट शोधतो, आणि तुम्ही ती वाट मोटरच्या बॉडीला जोडून ठेवलेली असते. मोटर बंद असली तरी बॉडीला करंट. शिवाय अशी जोडणी केली की आरसीसीबी चालू धरतच नाही. मग वायरमन नसलेला वायरमन काय करतो? आरसीसीबी काढून टाकतो. असे दोन बोर्ड मी स्वतः उघडलेत.

वायरिंगचं काम परवानाधारक कंत्राटदाराकडून करून घ्यायचं असा नियमच आहे. बल्ब, फ्यूज बदलण्याला तो लागू नाही, पण नवी लाइन टाकण्याला आहे. पाइपाचं काम स्वतः करा, हौसेने करा. बोर्डापासून मोटरपर्यंतचं मात्र त्याच्याकडून.

‘थोड्या झिणझिण्या येतात, नॉर्मल आहे,’ असं मला निदान महिन्यातून एकदा ऐकू येतं. नॉर्मल नाही. तुमची चप्पल सुकी होती, एवढाच त्याचा अर्थ.

चौथा: ‘सबमर्सिबलची केबल मजबूत असते, वेगळा दोर नको. जोडाला दोन वेढे टेप पुरे.’

केबलवर लोंबकळणारी मोटर सहा महिने नीट चालते. मग केबल जिथे मोटरमध्ये शिरते तिथलं रबर सैल होतं आणि पाणी आत. नायलॉनचा जाड दोर मोटरच्या कडीला, त्याचं दुसरं टोक वर आडव्या पाइपाला, आणि केबल दर सहा-आठ फुटांवर डिलिव्हरी पाइपाला सैलसर बांधलेली, असं पाहिजे. जोड शक्यतो पाण्यात येऊच देऊ नका, लागेल तेवढी सलग केबल घ्या. द्यावाच लागला तर पाण्यातल्या जोडाचं खास किट मिळतं. काळी टेप पाण्यात चार दिवसांत सुटते.

एक बारकावा, जो वायरमनसुद्धा चुकतात. पॅनलवर (मोटर चालू-बंद करायच्या डब्यावर) चालणाऱ्या सिंगल फेज सबमर्सिबलला जी चपटी तीन वायरींची केबल येते, त्या तिन्ही वायरी वाइंडिंगच्या असतात. तीन वायरी दिसल्या म्हणून त्यात अर्थिंग आलं असं धरून चालतात आणि बॉडी तशीच राहते. प्लॅस्टिकच्या पाइपावर लटकणारी मोटर आणि अर्थिंग नाही, म्हणजे गळती झाली तर विहिरीचं पाणीच करंट वाहणार. अर्थिंगची चौथी वायर बॉडीच्या स्क्रूला वेगळी न्यायची.

हे मी मे महिन्यासाठीच सांगतोय. सुट्टीत पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. आम्हीही असेच शिकलो. पण आमच्या वेळी विहिरीत रहाटाचा दोर होता, केबल नव्हती. पोरं पाण्यात उतरायच्या आधी बोर्डावरचा मेन पाडायचा, फ्यूज काढून खिशात ठेवायचा. नुसतं पॅनलचं बटण बंद करणं चालत नाही, कारण घरातलं कुणीतरी ‘टाकी भरायची राहिली’ म्हणून जाऊन ते दाबतं.

पाचवा: ‘विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून बघा. विझला नाही तर बिनधास्त उतरा.’

कंदील विझतो तो प्राणवायू कमी झाला म्हणून. साधारण १६ टक्क्यांच्या आसपास ज्योत मरते, आणि माणूस त्याआधीच गरगरायला लागलेला असतो. एवढंच तो सांगतो. विषारी वायूबद्दल तो काहीच सांगत नाही. विहिरीच्या आत डिझेल पंप ठेवून उपसा केला असेल तर कार्बन मोनॉक्साइड साठतो: वास नाही, रंग नाही, हवेत ०.३ टक्के असला तरी अर्ध्या-एक तासात माणूस संपतो, आणि कंदील मजेत जळत असतो. शेण, पाला, घाण कुजलेल्या विहिरीत हायड्रोजन सल्फाइड असतो. सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेलासा वाटतो. मिथेन साठला असेल तर कंदिलानेच भडका.

९ एप्रिल २०२४, पाडव्याचा दिवस. तेव्हाच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावी शेणाची स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. एक जण ते काढायला उतरला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. सहा उतरले, पाच गेले. वाचला तो कमरेला दोर बांधलेला. बाकीच्यांच्यात धाडस कमी होतं असं कुणी म्हणू शकणार नाही.

घरच्या पाण्याच्या विहिरीत एवढं कुजलेलं नसतं, पण अरुंद, खोल आणि बरेच दिवस झाकून ठेवलेल्या विहिरीवर विश्वास ठेवू नका. मोटर काढायला आत उतरावंच लागत नाही. वर तिवई लावून चेनपुलीने ती खेचता येते, म्हणून तर तो नायलॉनचा दोर. गाळ काढायला माणूस उतरणारच असेल तर आधी वरून ब्लोअर लावून बराच वेळ हवा खेळवा, उतरणाऱ्याच्या अंगाला दोर, वर तो ओढायला तीन माणसं, आणि खालचा बोलायचा थांबला तर वरच्याने उडी मारायची नाही, दोर ओढायचा. डिझेल पंप विहिरीच्या आत कधीच नको. गॅस मोजायचं यंत्र हल्ली गाळ काढणाऱ्या चांगल्या टोळ्यांकडे असतं, ते विचारून घ्या.

सहावा: ‘टाकी जेवढी मोठी तेवढं नळाला प्रेशर. दोन हजार लिटरची घ्या, गच्चीवर कुठेही ठेवा.’

प्रेशर टाकीच्या पोटावर नसतं, उंचीवर असतं. दर मीटरला चौरस सेंटिमीटरवर ०.१ किलो. शॉवरच्या वर दोन मीटरवर टाकीचा तळ असेल तर प्रेशर ०.२ किलो, मग टाकी पाचशे लिटरची असो की पाच हजारांची. गॅस गीझर पेटत नाही म्हणून मोठी टाकी आणलेली मंडळी मला माहीत आहेत. गीझर अजूनही पेटत नाही.

आणि वजन! १,००० लिटर पाणी म्हणजे एक टन. त्या टाकीचा तळ साधारण साडेतीन फूट व्यासाचा, म्हणजे एक चौरस मीटरपेक्षाही जरा कमी. घराच्या गच्चीचा स्लॅब माणसांच्या वावरासाठी चौरस मीटरला १५० किलो धरून काढलेला असतो. तुम्ही सातपट भार एका जागी ठेवताय. म्हणून टाकी स्लॅबच्या मधोमध नाही, बीमवर किंवा कॉलमच्या डोक्यावर. दोन हजार लिटरची ठेवायची तर ज्याने घराचं डिझाइन केलं त्या इंजिनिअरला विचारून. त्याची फी टाकीच्या झाकणाएवढी नसेल, पण स्लॅबच्या भेगेएवढीही नसेल.

कौलारू घराला लोखंडी स्टँड करतात. नुसत्या अँगलच्या पट्ट्यांवर प्लॅस्टिकची टाकी ठेवली की दोन उन्हाळ्यांत तळ फाटतो. वर अखंड प्लेट किंवा फरशी पाहिजे, तळ सगळीकडून टेकला पाहिजे. आणि टाकी स्टँडला बांधा. भरलेली टाकी हलत नाही, पण वादळात वीज गेली की टाकी रिकामीच असते. ३ जून २०२० ला श्रीवर्धनच्या बाजूला निसर्ग वादळ आदळलं, तेव्हा ज्यांनी बघितलं त्यांना जास्त सांगायला नको.

फ्लोट स्विच (टाकी भरली की मोटर बंद करणारा) लावा असं मेसेजमध्ये आहे, ते बरोबर आहे. मी त्यात एक जोडतो: ओव्हरफ्लोचा पाइप भरण्याच्या पाइपाहून जाड, त्याच्या तोंडाला जाळी, आणि झाकण घट्ट. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. आशाताई ‘आठवड्याला एक कोरडा दिवस पाळा’ म्हणून दारावर येतात ते उगाच नाही.

सातवा: ‘पंचायतीचा नळ आणि विहिरीची लाइन एकाच पाइपाला जोडा, मध्ये व्हॉल्व्ह ठेवा.’

व्हॉल्व्ह आज धरतो, उद्या त्यात वाळूचा कण बसतो. नळाला पाणी नसताना तुमची मोटर चालू झाली की विहिरीचं पाणी उलटं पंचायतीच्या लाइनीत, म्हणजे शेजाऱ्याच्या माठात. दोन पाइप वेगवेगळे टाकीच्या तोंडापर्यंत आणा, दोन्हींची तोंडं पाण्याच्या पातळीपेक्षा वर राहू द्या. मध्ये हवा असली की उलटं जायचा प्रश्नच नाही, आणि हवेत वाळू अडकत नाही. नळाला थेट मोटर लावणं तर बेकायदाच. पकडली तर जप्त होते, आणि ज्याच्या घरी पाणी पोहोचत नाही तो शेजारी पकडून देतोच.

आठवा: ‘विहिरीचं पाणी काचेसारखं असेल तर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून चव घालवू नका.’

काचेसारखं पाणी डोळ्याला स्वच्छ दिसतं, पोटाला असेलच असं नाही. जांभ्याला भोकं असतात, त्यातून शोषखड्ड्याचं पाणी लांबपर्यंत जातं. शोषखड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला पाहिजे. मोटर बसवताना मी हे बघतो, कारण मोटरने जोरात उपसा सुरू झाला की आजूबाजूचं पाणी विहिरीकडे धावतं. रहाटाच्या काळात एवढा उपसाच नव्हता.

टीसीएलचं प्रमाण: ताजी, चांगली पावडर असेल तर १,००० लिटरला अडीच ग्रॅम. विहीर दहा फूट व्यासाची, पाणी दहा फूट असेल तर साधारण बावीस हजार लिटर, म्हणजे पंचावन्न ग्रॅम. मुठीच्या अंदाजाने फेकू नका. बादलीत थोड्या पाण्यात लगदा करा, मग पाणी घालून ढवळा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी दुसऱ्या बादलीत काढून ती विहिरीत सोडा आणि दोराने वरखाली हलवा. खालचा चुना विहिरीत टाकायचा नाही. तासभर मोटर लावायची नाही. मग ओटी टेस्टला (पाण्यात क्लोरिन उरलाय का बघायची चाचणी) पिवळा रंग आला की झालं. पिशवी उघडी राहिली की क्लोरिन उडून जातो. मागच्या वर्षीची पावडर म्हणजे भिंतीला लावायचा चुना. चव दोन दिवसांत जाते.

पहिला मोठा पाऊस झाल्यावर हे कराच, कारण वर्षभराची घाण त्याच पाण्याबरोबर आत येते. आणि वर्षातून एकदा नमुना तपासायला द्या. ग्रामपंचायतीत विचारा, नाहीतर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत.

मेव्हण्याने तो मेसेज पाठवला तेव्हा सोबत लिहिलं होतं, ‘भावजी, दीड एचपीची घेतोय, काठावर बसवतो, बघून सांगा.’ मी काहीच सांगितलं नाही, फक्त दोर आणि दगड घेऊन रविवारी त्याच्याकडे गेलो. कठड्यापासून पाणी तेहेतीस फूट, पाण्याखाली तळ सहा फुटांवर. आकडे आणि तारीख त्याने खडूने कठड्याच्या चिऱ्यावर लिहिली. पावसात पुसली जाईल म्हणून त्याच्या बायकोने कालनिर्णयच्या मागच्या पानावरही उतरवून घेतली. दुकानात दीड एचपीचा मोनोब्लॉक सोडून अर्ध्या एचपीची ओपनवेल घेतली, वर आरसीसीबी आणि चाळीस मीटर सलग केबल. सगळं धरून मूळ बजेटपेक्षा काही शे रुपये जास्त झाले. ते मी वसूल करणार आहे, आंबे उतरले की.